नाक आलं, आता कान

सुजाता गेली त्या दुपारी मी तिच्यासमोर वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते, आणि ही बाई अजून उठत कशी नाही म्हणून मनातल्या मनात तिच्यावर चिडत होते. आमचा चारला चित्राला बसायचा नेम होता. जेवण झालं की ती तिच्या खोलीत आडवी व्हायची, बाल्कनीतलं ऊन सरकत पडद्यापर्यंत आलं की उठायची, आणि मी त्याआधीच खुर्चीत जाऊन बसलेली असे. त्या दिवशी ऊन पडद्यावर आलं, पडद्यावरून भिंतीवर गेलं, तरी बाईसाहेब उठेनात. मी हलले नाही. एकदा बसलं की हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी नाकाला हात लावायचा नाही, हे तिनं मला नवी नवरी असल्यापासून शिकवलेलं. शेवटी बसल्या जागेवरून हाक मारली, "सुजाता, ऊन चाललं ना वं!" मग उठले, जवळ गेले, कपाळाला हात लावला आणि कळलं. एका कुशीवर, हात उशीखाली घेऊन, झोपेतच गेली होती. मी पलंगाच्या कडेला बसले. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला नाकाला खाज आली, आणि मी ती खाजवली. अगदी मनसोक्त. मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. त्याच्या मागोमाग आलं, 'हीसुद्धा सुटली'. आणि मग रडले.

सुजाता माझी नणंद. माझ्याहून लहान. उत्तर नागपुरातल्या कितीतरी मुलींना तिनं चित्रकला शिकवली. त्या मुली आता स्वतः आज्या व्हायला आल्या आहेत, पण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पांढऱ्या साड्या नेसून आल्या तेव्हा "बाई गेल्या" म्हणून शाळकरी मुलींसारख्या रडल्या. आता काही आठवडे झाले. अजूनही माणसं भेटायला येतात, चहाचा कप हातात धरून तोंड पाडून बसतात आणि म्हणतात, "तुमची सोबत गेली." गेलीच. पण मला जे वाटतंय ते नुसतं दुःख नाही. परीक्षेचा पेपर बरा गेल्यावर बाहेरच्या कडुनिंबाखाली उभं राहून वाटतं ना, तसलं काहीतरी आहे. ते तसं का आहे हे सांगायचं, तर मला माझ्या नाकापासून सुरुवात करावी लागेल.

मी कळमेश्वरची. लग्न होऊन नागपुरात, इंदोऱ्यातल्या घरी आले तेव्हा वय विशीचं, अक्कल त्याहून कमी, आणि स्वतःच्या रूपाबद्दलची खात्री मात्र पक्की होती. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी कॅलेंडरवरच्यासारखी दिसते. कुठल्या कॅलेंडरवरच्यासारखी, ते मी कधी विचारलं नाही. अडचण एकच होती, नाक. ते माझ्या वडिलांचं होतं, बसकं आणि ऐसपैस. पण मी काही कच्ची नव्हते. आरशापुढे बसून बसून मी उपाय शोधला होता. श्वास वर ओढून धरला की नाकपुड्या आत जातात, आणि हनुवटी जराशी उचलली की नाक लांब दिसतं. हे इतकं अंगात मुरलं, की कुणी आपल्याकडे पाहतंय असं वाटलं तरी आपोआप व्हायचं. सबंध लग्न मी अर्ध्या श्वासावर काढलं. बुद्धवंदना चालू असताना मला भोवळ आली, तेव्हा लोक म्हणाले, पोरीला माहेर सुटतंय ना... माहेर कसलं, वारा मिळत नव्हता पोरीला!

सुजाता तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. आमच्या सासऱ्यांच्या घरात धम्मदीक्षेनंतर जन्मलेली पहिली मुलगी म्हणून तिचं नाव सुजाता, बुद्धाला खीर देणारीचं, आणि म्हणूनच लाडही जास्त. वेणी एका बाजूनं कायम सुटलेली, बोटं पेन्सिलीनं काळी. लग्नाला आठवडा झाला नसेल, तोच उरलेली एक लग्नपत्रिका घेऊन माझ्यासमोर फतकल मारून बसली. "वहिनी, हलू नको वं, तुझं चित्र काढतो." आमच्याकडे मुली लाडात अशाच बोलतात. मी ठेवणीतला श्वास ओढला आणि बसले. चित्र पाहिलं तर डोळे माझे, केस माझे, कानातले डूलसुद्धा माझेच, आणि मध्ये नाकाच्या जागी पिळून ठेवलेलं धुणं. सासरे मिलमधून आले, त्यांनी चित्र दिव्याजवळ धरलं. म्हणाले, "बाकी सूनबाई बरोबर काढली. नाकाले काय झालं?"

"तेच तर समजून नाही राहिलं, बाबा," ती म्हणाली.

मला आत जाऊन रडायला तेवढं पुरेसं होतं. आणि रडून झाल्यावर मी तिच्या ताटातल्या वरणात मूठभर तिखट घातलं. ती शेवटच्या घासापर्यंत जेवली. डोळ्यांतून, नाकातून पाणी चाललेलं, पण तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तीच पत्रिका उलटी करून पुन्हा समोर हजर. "बस ना वं वहिनी. काल नाकाचं चुकलं." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

ते जे चुकलं, ते चुकतच राहिलं. तिनं चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं, आणि तिथून काहीही नवं शिकून आली की त्याची पहिली परीक्षा माझ्या नाकावर व्हायची. कवटीची हाडं शिकली, मला खुर्चीत बसवलं. छायाप्रकाश शिकली, मला खिडकीशी बसवलं. तैलरंग शिकली तेव्हा घरभर टर्पेंटाइनचा वास, आणि मी पदरानं तोंड झाकून बसायची परवानगी मागतेय, जी अर्थातच मिळाली नाही. सगळं झालं की ती मागे सरकून पाहायची, ओठ मुडपायची, आणि कागद उलटा करून ठेवायची. माझं एकही चित्र तिनं जपून ठेवलं नाही. त्याच्या पाठीवर दुसरं काहीतरी काढायची, कॅनव्हास असला तर त्यावरच नवा रंग द्यायची. "साऱ्या मोहल्ल्याची नाकं जमतात मले," म्हणायची. "बाबांचं जमते, दादाचं जमते, दूधवाल्याचं तर झोपेत काढतो. तुझंच काहून नाही जमून राहिलं वं?" एकदा मी चुलीपाशी चहा करत होते आणि ती दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "चहा करताना तुझं नाक येगळं दिसते, अन् बसली का येगळं." मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यात खराबी आहे. डॉक्टरले दाखव." आणि लगेच श्वास ओढून घेतला. खरं सांगते, मला स्वतःलाही कळत नव्हतं मी तो ओढते ते.

त्या काळातला माझा एक पराक्रम सांगितलाच पाहिजे. तिच्या चित्रांना कंटाळून मी आमच्या ह्यांना घेऊन बर्डीच्या बाजारात फोटो काढायला गेले. स्टुडिओवाल्यानं मागे डोंगर आणि तळं असलेला पडदा लावला, माझ्या हातात प्लॅस्टिकचा गुलाब दिला, आणि नंतर फोटोवर रंगही चढवला. गाल गुलाबी, रंग गोरा, नाक... नाक तर त्यानं ब्रशनं असं काही घासून काढलं होतं की सुरीची धार. मी तो फोटो समोरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा टांगला. संध्याकाळी सुजाता कॉलेजातून आली, चपला काढता काढता फोटोकडे बघत राहिली आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "ही कोण वं?" आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी फोटो पुसायला खाली घेतला आणि माझ्याही मनात तेच आलं. माझी साडी नेसून, माझं मंगळसूत्र घालून ही दुसरीच कोण बसलीय? फोटो मी परत टांगला नाही. आपणहून काढला असं मात्र कुणाला कळू दिलं नाही. खिळा ढिला झालाय म्हणून सांगितलं.

फोटो उतरवला त्याच रात्री जेवताना ती मला म्हणाली, "एकदा तुझं नाक आलं ना वहिनी, मंग मी सुटली. तू बी सुटली." मी म्हटलं, "लवकर सुट बाई, माझी पाठ अवघडते." दोघींनाही वाटलं होतं, फार तर वर्षभराचं काम.

मग ती शाळेत लागली. स्थळं येत होती. एक मुलगा जरा बरा वाटला, पण त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं, लग्नानंतर हे चित्रबित्र चालूच ठेवणार का? तिनं समोर बसल्या बसल्या त्याचं चित्र काढलं आणि जाताना हातात दिलं. पुन्हा निरोप आला नाही. त्याचं नाक बरोबर आलं असणार. पुढे तिनं विषयच मिटवला, आणि आमच्या घरात कुणी तिला ढोसलंही नाही. ती आमच्यातच राहिली, माझी मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या वाट्या एकेक करून रंगाच्या झाल्या.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती काहीतरी नवं शिकायला घ्यायची. एका मे महिन्यात जलरंग घेतले. आता नागपूरच्या मे महिन्यात जलरंग म्हणजे गरम तव्यावर पाणी शिंपडण्यासारखं. कपाळावरून रंग सोडला की हनुवटीपर्यंत पोचायच्या आत वर वाळून डाग. मग तिनं युक्ती काढली. कूलरच्या अगदी तोंडाशी बोर्ड लावला, की हवा दमट राहील. मला समोर बसवलं. दुपारभर मी वाळ्याच्या वासात, अर्ध्या श्वासावर, गारठून बसले. चित्र झकास उतरत होतं, नाकसुद्धा बरं वाटत होतं म्हणाली... आणि त्याच वेळी कुणीतरी कूलरमध्ये पाण्याची बादली ओतली. कूलरनं एक जोरदार फवारा मारला आणि माझं नाक वाहत वाहत गळ्यापर्यंत आलं. माझा मोठा ओरडला, "आत्या, आईले सर्दी झाली!" सुजाता जमिनीवर लोळून हसली. हसता हसता थांबली, चित्राजवळ गेली, आणि त्या वाहिलेल्या रंगाकडे पाहत राहिली. "वहिनी, ओला कागद असा धावते का वं..." झालं! उरलेला मे महिना तिनं मुद्दाम रंग वाहवायला शिकण्यात घालवला. चुकलेल्याचं तिला वाईट वाटायचं नाही असं नाही, पण ते वाईट वाटणं फार वेळ टिकायचं नाही. चूक कशी झाली हे पाहण्यात ती इतकी रमायची की वाईट वाटायचं राहूनच जायचं.

निवृत्त झाल्यावर तिनं कहर केला. धरमपेठेत एक तरुण चित्रकार क्लास घेतो असं तिला कळलं. शाळेत इतकी वर्षं शिकवून थकलेली ही बाई, खांद्याला झोळी, झोळीत पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा, बस पकडून निघाली शिकायला. मला लाज वाटली. मी तेव्हाही शहाणी झाले नव्हते, फक्त केस पांढरे झाले होते. "शिकवणारी बाई पोरांच्या मांडीला मांडी लावून शिकते, लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"म्हणतील, बाई शिकून राहिली," ती म्हणाली, आणि चपला घालून गेली.

तिथे त्या मुलानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की मावशी, तुम्ही पेन्सिल सोडा, सरळ ब्रशनं काढा. ती घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. आयुष्यभर मुलींना आधी रेखाटन, मग रंग हे शिकवलं, आणि आता हा म्हणतो रेषेशिवाय काढा. जेवली नाही. मी म्हटलं, सोडून दे क्लास. तर दुसऱ्या दिवशी सगळी खोडरबरं एका डब्यात भरून माझ्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नको." मी ती शेजारच्या पोरांना वाटून टाकली. आठवडाभरानं खरंच मागायला आली! तेव्हा तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या वर्षी माझ्या नाकाचे असे काही गोळे झाले की विचारू नका. कधी बटाटा, कधी पेरू, एकदा तर चक्क संत्र्याची फोड. पण मला आता राग येत नव्हता. बसायची सवय झाली होती. आणि का कोण जाणे, तिच्यासमोर बसलं की दिवसभरात तेवढाच वेळ मला कुणी काही मागत नसे.

पुढे आमचे हे गेले. मुलानं मनीषनगरात फ्लॅट घेतला, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या त्याच्यासोबत इकडे आलो. तिच्या खोलीला बाल्कनी मिळाली, चांगलं ऊन मिळालं. सगळं छान बसलं होतं, आणि एक दिवस सकाळी ती चहा ओतताना मी पाहिलं, चहा कपाच्या शेजारी. तिला वाटत होतं कपातच पडतोय. मग म्हणाली, दाराची चौकट वाकडी झाली का वं? अक्षरं मधूनच गळायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे पाहाल नेमकं तेच दिसणार नाही. सुया झाल्या, औषधं झाली. जे गेलं ते परत आलं नाही.

त्या पावसाळ्यात तिनं रंगाची पेटी उघडली नाही. सगळे म्हणाले, खूप केलंत आत्या, आता आराम करा, जुनी चित्रं आहेत ती मांडू आपण. ती 'हाव', म्हणजे हो, म्हणायची आणि बाल्कनीत बसून राहायची. रिक्षांचे आवाज ऐकत. मला कुणी बस म्हणेना. सुरुवातीला मला बरं वाटलं, पाठ मोकळी झाली. मग चार वाजले की मला घरात कुठं उभं राहावं ते कळेना. ती आंधळी होईल याची मला तितकी भीती नव्हती. आंधळीला मी सांभाळलं असतं. भीती होती ती याची, की ही बाई अशीच वर्षानुवर्षं जगेल आणि आता काही शिकणार नाही. तसं झालं असतं तर घरात कुणीतरी दुसरीच राहायला आली असती. त्या फोटोतल्या बाईसारखी. आणि मी तिला विचारू शकले नसते, ही कोण वं...

दिवाळी झाल्यानंतरची गोष्ट. मी तिच्या खोलीत खुर्चीवर बसून मटार सोलत होते आणि ती पलंगावर बसून पडद्याकडे तोंड करून होती. एकदम ओरडली, "वहिनी! दिसलं!"

"काय दिसलं?"

"नाक! हलू नको!"

मी शेंग हातात तशीच धरली. "अवं, मी इकडं आहे. तू तर पडद्याकडं पाहून राहिली."

"तुझ्याकडं पाहिलं का तू गायब होते. पडद्याकडं पाहिलं का दिसते. बस तशीच."

आणि पुन्हा सगळं पहिलीपासून सुरू झालं. फ्रिजच्या खोक्याचे मोठाले पुठ्ठे, जाड ब्रश, कोळसा. तिला पाहायचं असायचं मला, पण पाहावं लागायचं पडद्याकडे, आणि कागदाकडे पाहायचं तर भिंतीकडे. ते शिकायला तिला महिनोन्‌महिने लागले. आधी माझे डोळे पुठ्ठ्याच्या बाहेर जायचे, नाक कानाच्या ठिकाणी. त्यात माझी मदत! मला वाटायचं, बिचारीला मी नेमकी कुठं बसलेय ते कळत नाहीये. तिची नजर जिथं आहे तिथं आपणच जावं. म्हणून ती पडद्याकडे बघायला लागली की मी आवाज न करता खुर्ची पडद्याकडे सरकवायची. मी तिथं गेले की तिला मी दिसेनाशी व्हायचे, म्हणून ती नजर आणखी पलीकडे न्यायची. मी आणखी सरकायची. असं करता करता एक दिवस मी खुर्चीसकट बाल्कनीच्या दारात पोचले. सुजातानं ब्रश खाली ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "तू चालून राहिली का वं?"

आमची सून स्वाती चहा घेऊन येत होती, ती ट्रे घेऊन तिथेच खाली बसली, इतकं तिला हसू आलं. सुजाता हसली, मीही हसले. आणि त्या दिवसापासून मी शिकले की ती माझ्याकडे पाहत नसताना मला पाहत असते. म्हणजे डोक्याला कळलं. पण अंगाला वाटायचं, आता आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही. मी पाय सैल सोडायची. पोट सोडायची. पडद्यावरची नक्षी बघत बसायची. कधीकधी तर डुलकी लागायची.

या हिवाळ्यात, संत्री गोड व्हायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मी अशीच बसले होते. ती बराच वेळ काम करत होती, आणि मग थांबली. नेहमीसारखे ओठ मुडपले नाहीत. पुठ्ठा उलटा केला नाही. उठली, चाचपडत माझ्याकडे आली आणि रंगानं माखलेलं बोट माझ्या नाकाच्या शेंड्यापासून वरपर्यंत फिरवलं. मग पुठ्ठ्याजवळ गेली, तिथेही तेच बोट फिरवलं. आणि म्हणाली, "आलं."

मी उठून पाहिलं. बाकीचा चेहरा म्हणजे नुसते रंगाचे चार-सहा मोठे फटकारे, केस म्हणजे पांढरा धूर. आणि मध्ये माझ्या बापाचं नाक. बसकं, ऐसपैस, दोन्ही नाकपुड्या आरामात पसरलेल्या. कळमेश्वरच्या आमच्या अंगणात बाजेवर पडून ते घोरायचे, ते नाक. मी म्हटलं, "केवढं मोठं आहे वं हे!"

"आहेच," ती म्हणाली. "तू बसली का कुठं लपवत होती ते मले माहीत नाही. आज पहिल्यांदा तू माझ्यासमोर श्वास घेतला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती पडद्याकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडेच. कॅलेंडरवरच्या त्या पोरीनं माझ्या नणंदेला किती फिरवलं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मला इतकं हसू आलं की धरवेना. दोन म्हाताऱ्या एकमेकींचे दंड धरून हसतोय. माझ्या नाकावर निळा रंग, तिच्या बोटावर निळा रंग. मग मी विचारलं, "म्हणजे आता तू सुटली? मी बी सुटली?"

तिनं थोडा विचार केला. "नाक आलं," म्हणाली. "उद्यापासून कान. डाव्या कानातलं काढून ठेव, चमकते अन् मधात येते."

आणि दुसऱ्या दिवशी चारला खरंच कानाला सुरुवात झाली! कान किती अवघड असतो हे तिला कधी कळलंच नव्हतं, असं ती रोज म्हणायची. आयुष्यभर नाकामागे लागले, कानाकडे पाहिलंच नाही म्हणायची. पहिल्या दिवशीचा कान जिलबीसारखा आला, दुसऱ्या दिवशीचा शिंपल्यासारखा, आणि ती पुठ्ठा उलटा करून ठेवताना इतकी खूश होती, की मला ती शाळकरी मुलगी दिसली, वेणी एका बाजूनं सुटलेली... त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दुपार आली, जिथून मी हे लिहायला सुरुवात केली.

म्हणून मी लोकांसमोर फारसं रडू शकत नाही. ते बिचारे समजून घेतात, धीराची बाई म्हणतात. धीर कसला, ज्याची भीती होती ते घडलं नाही एवढंच. ती जेवून, चारच्या कानाचा विचार करत झोपली. शिकणं संपलेली सुजाता मला पाहावी लागली नाही.

नाकाचं चित्र स्वातीनं समोरच्या खोलीत लावलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असं. लोक विचारतात, हे कोण? मी सांगते, मी. आणि डाव्या कानातलं अजून तिच्या ब्रशांच्या बरणीतच आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बायका माझ्या एका रिकाम्या कानाकडे चोरून बघत होत्या. स्वाती परवा म्हणाली, "आई, घाला ना आता ते. छिद्र बुजेल." मी गच्चीवर जाऊन खालून वर आलेल्या कडुनिंबाची एक बारीक काडी तोडली आणि कानात घातली, लहानपणी कान टोचल्यावर घालायचो तशी. काडी असली की छिद्र बुजत नाही. चार वाजले की मी खुर्चीत जाऊन बसते, डावा कान पलंगाकडे करून. ऊन पडद्यावर येतं, भिंतीवर जातं. नाकाला खाज आली तर खाजवते. नाकाचं काम झालंय. कान मात्र हलू देत नाही.